जांभ्या मातीत रोज पाणी घालूनही दुपारपर्यंत वाफा कोरडा, असं का होतं?

माशेलकर_पोरगा
नमस्कार मंडळी. गोव्यात माशेलच्या बाजूला घरामागे थोडी जागा आहे, तांबडी खडेवाली माती, पलीकडे पूर्वी जांभ्या दगडाचे चिरे काढलेले आहेत म्हणजे खाली काय असणार ते समजून घ्या. तिथे भेंडी, मिरची, तांबडी भाजी आणि दोन ओळी वाल लावलेत. विहीर एप्रिल लागला की तळ दाखवते त्यामुळे पाणी जपून वापरावं लागतं. रोज संध्याकाळी पाईपने वरवर भिजवतो आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला बघावं तर वरची माती अगदी राख झालेली असते. बाबा म्हणतात रोज थोडं थोडं घाल, माती ओली राहिली पाहिजे. शेजारचे काका म्हणतात आठवड्यातून दोनदाच घाल पण पोटभर घाल. आई म्हणते दुपारी पाण्याला हात लावू नको, गरम मातीची वाफ मुळांना लागते. तिघांचंही ऐकलं तर मी पाणी घालायचं कधी? कोणीतरी नीट समजावून सांगा, यूट्यूबवर सगळे प्लास्टिक विकायला बसलेत.

सत्तरीची_सून
आधी माती झाक बघू. पोफळीची वाळकी पानं, काजूचा पाला, पेंढा, जे मिळेल ते. उघडी माती एप्रिलच्या उन्हात ठेवायची आणि मग पाणी पुरत नाही म्हणायचं. आमच्या कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) जमीन दिसतच नाही, वर सावली आणि खाली पाला, म्हणून पाट सोडल्यावर ओल चार दिवस हलत नाही. आणि तुझे काका बरोबर आहेत.

बोरीपूल
मला एक कळत नाही. गोव्यात हवा इतकी दमट की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, मग मातीतलं पाणी एवढ्या झटकन कसं उडतं? विदर्भात उडालं तर समजू शकतो.

निवृत्त_मास्तर
बोरीपूल यांचा प्रश्न चांगला आहे, त्याच्याकडे येतोच, पण आधी हिशेब मांडतो, म्हणजे तुझ्या घरातले तिघं कुठे कुठे बरोबर आहेत ते दिसेल.

१ मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर. हे लक्षात ठेवलंस की अर्धं काम झालं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते, वीजबिलाच्या भाषेत ०.६८ युनिट. आता आपल्याकडे एप्रिलच्या स्वच्छ दिवसात एका चौरस मीटरवर सूर्याकडून ६ युनिटच्या आसपास येतात. त्यातलं काही माती परत फेकते, काही उष्णता आकाशाकडे निघून जाते, हाताशी साधारण ४ युनिट उरतात. ती सगळी वाफ करण्यातच खर्च झाली तर दिवसाला ६ मिमीच्या आत-बाहेर पाणी उडेल. ही झाली वरची मर्यादा. माती पूर्ण ओली असेल तोवर वाफ होण्याचा वेग ऊन आणि वारा ठरवतात, मातीला काही बोलायला जागाच नसते. हा पहिला टप्पा.

खरी गंमत दुसऱ्या टप्प्यात आहे. वरचं पाणी संपलं की खालून पाणी वर यायला लागतं, पण माती जसजशी सुकते तसे तिच्यातले पाण्याचे धागे तुटत जातात आणि पाण्याला वाट मिळेनाशी होते. वरचे दोन-तीन सेंटिमीटर कोरडे झाले की त्यांच्यातून पाणी द्रवरूपात वर येणं जवळजवळ थांबतं, वाफ होऊन पोकळ्यांतून झिरपत यावं लागतं आणि ते फार सावकाश चालतं. म्हणजे तुला जी राख दिसते ती खालच्या ओलीवरचं झाकण आहे. ती बघून घाबरून तू रोज संध्याकाळी पाणी मारतोस आणि झाकण रोज उघडतोस. ४ मिमी घालतोस, दुसऱ्या दिवशीचं ऊन ६ मिमी उडवायला तयार बसलेलं असतं, मुळांपर्यंत काय पोचणार?

माशेलकर_पोरगा
मास्तर, म्हणजे बाबा हरले. पण आकड्यात सांगा ना, घरी दाखवायला पाहिजे, नुसतं तोंडी सांगितलं तर इंटरनेटवर वाचून आलाय म्हणतील.

निवृत्त_मास्तर
घे. मध्यम पोताची माती धर. पहिल्या टप्प्यात तिच्यातून ८ ते १० मिमी सहज निघून जातं, हा आकडा जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या पीक-पाणी मार्गदर्शिकेत दिलेला आहे. त्यानंतर जे उडतं ते दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, ढोबळमानाने ४ गुणिले वर्गमूळ धरायला हरकत नाही. म्हणजे दुसरा टप्पा सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी ४ मिमी जाईल, पण चार दिवसांत १६ नाही, ८ च जाईल.

आता सहा दिवसांचं २४ मिमी पाणी आहे समज. रोज ४ घातलंस तर उघड्या मातीतून जवळपास सगळंच उडालं. एकदम २४ घातलंस तर पहिल्या दीड-दोन दिवसांत ९ गेले, पुढच्या चार दिवसांत ८, एकूण १७. उरले ७. म्हणजे तितकंच पाणी, तितकंच ऊन, फक्त घालण्याची पद्धत बदलली तर चौथ्या हिश्श्याहून जास्त खाली शिल्लक राहतं. हे झाडाशिवाय उघड्या मातीचं गणित आहे. झाडाची सावली पडली की मातीतून जाणारं आणखी कमी होतं आणि जे जातं ते पानांतून, म्हणजे कामाला लागून जातं.

आणि बोरीपूल, दमटपणाचं असं आहे. वाफ किती ओढली जाते ते ठरतं ओल्या पृष्ठभागाजवळचा वाफेचा दाब आणि हवेतला दाब यांच्या फरकावर. आपल्याकडे हवा ३२ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असली तर हवेतला दाब ३.१ किलोपास्कल. पण उन्हात ओली माती ३५ अंशांना पोचली तर तिच्यापाशी तो ५.६ असतो. फरक आहे की नाही? कपडे वाळत नाहीत ते जून-जुलैत, ऊन नसतं म्हणून. एप्रिलमध्ये गच्चीवर घालून बघा, तासाभरात कडक होतात.

चिरेबंदी
मास्तरांचं गणित बरोबर, पण ते चांगल्या मातीचं गणित आहे. आमची धारगळची जमीन बघा, वर जेमतेम वीतभर माती, त्यात अर्धे खडे आणि खाली कातळ. तिथे २४ मिमी ओतलं तर ते खालच्या भेगांतून कुठे जातं ते त्या देवालाच ठाऊक. जांभा म्हणजे चाळण आहे. पावसात तीन हजार मिमी पडूनसुद्धा मार्चमध्ये सडा (जांभ्याचा उघडा माळ) भाजून निघतो तो काय उगीच? तेव्हा आठवड्यातून एकदा पोटभर हा सल्ला सरसकट देऊ नका. पोरगा भरपूर पाणी घालेल, ते मुळांच्या खाली निसटेल आणि मिरची वाळेल, मग आगीतून उठून फुफाट्यात.

निवृत्त_मास्तर
चिरेबंदी, मुद्दा मान्य, आणि त्यात आणखी एक उलटी गोष्ट आहे जी लोकांना पटत नाही. भरड, रेताड माती वाफेने कमी पाणी घालवते. तिच्या पोकळ्या मोठ्या, त्यामुळे वरचा थर लवकर सुकतो आणि पहिला टप्पा २ ते ७ मिमीतच आटोपतो. चिकणमाती ८ ते १२ मिमीपर्यंत वर पाठवत राहते. म्हणजे उन्हाच्या बाबतीत भरड माती काटकसरी, पण खालच्या बाजूला ती उधळी. तुमच्यासारख्या जमिनीत दोन दिवसांआड मध्यम पाणी आणि वर आच्छादन हाच मार्ग दिसतो. पोराने आधी फावड्याने एक खड्डा करून माती किती खोल आहे ते बघावं, मग ठरवावं.

सत्तरीची_सून
त्या चाळणीत दर पावसाआधी शेणखत आणि पाला गाडत राहा, दुसरा उपाय नाही. आमच्या सासऱ्यांनी तसं करत करत काळी माती तयार केलीय.

आणि माडाची सोडणं (नारळाची सालं) टाकू नका हो. माडाच्या आळ्यावर पसरायची तर पाठ वर करून ठेवायची, चरात पुरायची तर वाटी वर, म्हणजे तिच्यात पाणी साठतं. फक्त वाळवीकडे लक्ष हवं, आमच्याकडे तांबड्या मातीत सुका पाला दिसला की ती आलीच. खोडाला चिकटवून पाला घालायचा नाही, थोडी जागा मोकळी सोडायची.

भूगोलवाली
उशिरा आले, पण मातीच्या तापमानाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. पाणी आणि उष्णता वेगवेगळी करून समजत नाहीत.

मातीत तीन गोष्टी असतात, खनिज कण, पाणी आणि हवा. उष्णता वाहून नेण्यात हवा एकदम कुचकामी, पाणी तिच्यापेक्षा वीसेक पट बरं, आणि खनिजं त्याहून चांगली, त्यातही क्वार्ट्झ सगळ्यात पुढे. कोरड्या वाळूची उष्णतावाहकता ०.३ असते (एकक वॅट प्रति मीटर प्रति केल्विन), तीच वाळू पाण्याने भरली की २.२, म्हणजे सात पट. कारण कणाकणांच्या मधली हवा जाऊन तिथे पाण्याचे पूल तयार होतात. उष्णता साठवण्याची क्षमतासुद्धा दुपटीहून जास्त होते.

म्हणून कोरडी माती वरून पन्नाशीच्या पुढे तापते, अनवाणी पाय ठेवता येत नाही, पण तीच उष्णता आत जात नाही. दिवसाच्या चढउताराचं मोजमाप असं करतात की किती खोलीवर तो ३७ टक्क्यांवर येतो. कोरड्या वाळूत ती खोली ८ सेंटिमीटर, ओल्या वाळूत १४. त्याच्या तिप्पट खोलीवर दिवस-रात्रीचा फरक ५ टक्क्यांवर येतो, म्हणजे हातभर खाली मुळाला दुपार झाली की मध्यरात्र झाली काही कळत नाही. आणि लाट खाली पोचायला वेळ लागतो तो वेगळाच, त्या ८ किंवा १४ सेंटिमीटरवर सगळ्यात जास्त तापमान पृष्ठभागाच्या जवळजवळ चार तास उशिरा येतं. वर्षाची लाट मात्र दोन-अडीच मीटर आत जाते.

ओली माती रंगाने गडद होते म्हणजे ऊन जास्त शोषते, तरीही ती गारच राहते कारण आलेल्या उष्णतेचा मोठा भाग वाफ करण्यात जातो. ती सुकली की तीच उष्णता माती आणि हवा तापवायला मोकळी. सडे मे महिन्यात का भाजतात त्याचं उत्तर यात आहे.

माशेलकर, आईंच्या दुपारच्या पाण्याबद्दल. वरचे ५ सेंटिमीटर २० अंशांनी जास्त तापलेले असले तरी त्यात साठलेली सगळी उष्णता मिळून जेमतेम अर्धा मिलिमीटर पाणी उडवू शकते. म्हणजे 'पडताक्षणी वाफ होऊन जातं' यात दम नाही. पण दुपारी घातलेल्या पाण्याला मुरायच्या आधी पुढचे चार-पाच तास कडक ऊन मिळतं. संध्याकाळी घातलं की रात्रभर खाली उतरतं, झाडंही पितात. तेव्हा आईंचा सल्ला पाळा. फक्त मिरची-भेंडीची पानं भिजवू नका, रात्रभर ओली राहिली की बुरशी येते.

बोरीपूल
ताई, धन्यवाद. पण मग आच्छादन हवंच कशाला? सुकी माती स्वतःच झाकण आहे म्हणता, तर पाला आणायचा खटाटोप कोणी सांगितलाय.

भूगोलवाली
कारण तुम्ही पाणी घालता! दर वेळी झाकण उघडतं आणि पहिला टप्पा नव्याने सुरू होतो. पाला त्या पहिल्या टप्प्यातलं ऊन आणि वारा अडवतो, म्हणजे वारंवार पाणी घालणाऱ्याला त्याचा फायदा सगळ्यात जास्त. उलट महिनाभर पाणी द्यायचंच नसेल तर झाकलेली आणि उघडी जमीन यांतला फरक हळूहळू कमी होत जातो, कारण उघडी एव्हाना वरून बंद झालेली असते आणि पाल्याखालची सावकाश का होईना सुकतच असते. आणि पाल्यावर दोन-तीन मिमी पाणी शिंपडलं तर ते पालाच पितो, मातीला थेंब मिळत नाही. पाणी पाल्याखाली द्यायचं, पाटाने किंवा ड्रिपने.

खाजनवाला
तुम्ही सगळे गोड्या मातीचे भाग्यवान. आमच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) पाणी उडतं तेव्हा मागे मीठ ठेवून जातं.

आमची माती चिकण, काळसर, खाली हातभरावर खारं पाणी. चिकणमातीतल्या पोकळ्या इतक्या बारीक की पाणी त्यांतून आपोआप वर चढतं. त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल तर दीड मीटरपर्यंत चढू शकतं, दहावा भाग असेल तर १५ सेंटिमीटर. त्यामुळे मास्तर म्हणतात ते पाण्याचे धागे आमच्याकडे लवकर तुटत नाहीत, खालून पुरवठा चालूच राहतो. जानेवारीपासून मेपर्यंत ऊन ओढतंय, खारं पाणी वर येतंय, पाणी हवेत आणि मीठ वर, मे महिन्यात शेतावर पांढरी साय दिसते. पावसाचे पहिले सपके आले की आम्ही ते पाणी शेतात कोंडून मीठ विरघळवतो आणि ओहोटीला मानशीतून (बांधातल्या दारातून) बाहेर सोडतो, असं काही वेळा केल्यावर मग कोरगुट पेरायचं. तेही कोरगुट म्हणून तग धरतं, दुसरं भात टिकणार नाही. बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं की मग पुढची गोष्टच नको.

कापणी झाल्याबरोबर, ओल असतानाच नांगर फिरवला तर वरचा थर मोकळा होतो, खालच्याशी संबंध तुटतो आणि मीठ कमी चढतं. आमचे जुने लोक हे करायचे. आता ट्रॅक्टर मिळेपर्यंत जमीन फुटाणा होते, मग नांगरून काय उपयोग, नुसती ढेकळं निघतात.

आगरवाड्याला किंवा हडफड्याला मिठागरात हेच मुद्दाम करतात. तिथे आणखी एक गंमत, पाणी जितकं खारं होत जातं तितकं सावकाश उडतं, मीठ पाण्याला धरून ठेवतं.

चिरेबंदी
खाजनवाला बाब, तुमचं नांगराचं म्हणजे देशावर कोळपणीला अर्धं पाणी म्हणतात तेच झालं.

खाजनवाला
तेच. आणि गोड्या भातजमिनीत भातानंतर अळसांदे (चवळी) टाकतात ते कशावर येतात? पाणी कोण घालतं त्यांना? भाताची उरलेली ओल आणि हिवाळ्यातलं दंव, बस. पण वेळेत पेरले तरच. वरची माती सुकायच्या आत मूळ खाली उतरलं पाहिजे, पंधरा दिवस उशीर केला की बी कोरड्यात आणि ओल खाली, दोघांची गाठच पडत नाही.

टेरेसवाली_मडगाव
माझ्याकडे जमीनच नाही, गच्चीवर काळ्या ग्रोबॅग आहेत. दिवसातून दोनदा पाणी घातलं तरी टोमॅटो मान टाकतात. वरून नारळाचा भुसा पण घातलाय. मी वाचून वाचून थकले.

भूगोलवाली
ताई, तुमच्याकडे ऊन वरूनच नाही तर चारही बाजूंनी येतं. वर लिहिलेले ते ८ ते १४ सेंटिमीटर आठवा. बॅगची रुंदी ३० सेंटिमीटर असेल तर मधोमध असलेलं मूळसुद्धा काठापासून १५ वरच, म्हणजे त्याला सुटकाच नाही. त्यात रंग काळा आणि खाली तापलेली स्लॅब. बॅगांना गोणपाट गुंडाळा किंवा बाहेरून चुना मारा, सगळ्या एकमेकींना चिकटवून ठेवा म्हणजे फक्त कडेच्या तापतील, आणि पश्चिमेकडच्या ओळीला फळी लावून आडोसा करा. खाली विटा ठेवा. मान टाकण्याचं कारण दर वेळी पाण्याची कमतरता नसते, मूळ तापलं की ओल असूनही पाणी ओढलं जात नाही. दुपारी मान टाकली आणि संध्याकाळी आपोआप उठली तर पाण्याचा पाईप खाली ठेवा.

बोरीपूल
आणि प्लास्टिक? नर्सरीवाल्याने मला पारदर्शक शीट दिलीय मल्चिंगला म्हणून. काळी संपली होती म्हणे.

निवृत्त_मास्तर
पारदर्शक पिकाच्या बुडाशी घालू नका! ऊन आत जातं, उष्णता आत अडकते, खाली तणही माजतं. तिचा उपयोग वेगळा आहे, रोपवाटिकेची माती निर्जंतुक करायला. माती चांगली भिजवायची, वर पारदर्शक शीट घट्ट ताणून कडा मातीने बुजवायच्या आणि एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे तशीच ठेवायची. भिजवायची का, तर भूगोलवाली बाईंनी सांगितलं तेच, ओली माती उष्णता आत नेते. कोरड्यावर घातली तर वरचे दोन बोटं भाजतील आणि खाली बुरशी मजेत. ही पद्धत इस्राएलमधल्या संशोधकांनी १९७६ साली मांडली. शीट मिळालीच आहे तर पावसाळी मिरचीच्या रोपांचा वाफा तयार करून घ्या.

माशेलकर_पोरगा
खड्डा केला. माती कोपरभर आहे, त्याखाली मऊ जांभा लागतो. मास्तर, बाबांना वर्गमुळाचा कागद दाखवला, ते म्हणाले आपल्या परसातल्या मातीचं दाखव, पुस्तकातलं नको. ते मोजायचं कसं?

निवृत्त_मास्तर
बाबा पक्के आहेत, बरं आहे. ४ इंची पीव्हीसी पाईपचे वीतभर लांबीचे दोन तुकडे घे. फळी ठेवून हातोडीने वाफ्यात ठोक, मातीसकट अलगद काढ, खालचं तोंड प्लास्टिक बांधून बंद कर. दोन्ही भिजव, एकावर पाला घाल, एक उघडा ठेव, आणि वाफ्यातच भोकात बसव, वरची कड जमिनीच्या बरोबरीला यायला हवी, नाहीतर बाजूने ऊन लागून टेरेसवाली ताईंच्या बॅगसारखं होईल. रोज सकाळी एकाच वेळी काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर. या पाईपात साधारण ९ ग्रॅम घट म्हणजे १ मिमी पाणी उडालं. तळ बंद असल्यामुळे खालून पाणी येत नाही, म्हणून चार-पाच दिवसांनी माती बदलून परत लाव, नाहीतर आकडे खोटे येतील. बाहेरून पाईपला माती चिकटलेली असते ती वजनाआधी पुसायला विसरू नकोस, आणि काटा आईला विचारून घे.

माशेलकर_पोरगा
पाईप आहे घरी, ड्रेनेजचा उरलेला. रविवारी ठोकतो. तिसरा तुकडाही निघेल, त्यात रोज थोडं पाणी घालून बाबांची पद्धत पण मोजतो. आकडे इथेच टाकेन.

सत्तरीची_सून
टाक. आणि तोवर मिरचीला पाला घालून ठेव, तिला रविवारची वाट बघायला लावू नकोस.